पत्र्याखालच्या फटीचा राखणदार

मित्रांनो, मी एक जुना गोणपाट आहे. अंगावर ठिगळं आहेत, काठ उसवलेले आहेत. पण मला हसू नका, सध्या मी कामावर आहे.

दूरच्या गिरणीत तागाच्या धाग्यांतून मी विणला गेलो आणि सायवनला तुळशीबाईंच्या घरी भात भरायला आलो. "या गोणीतला दाणा उंदराला पण मिळत नाय," असं त्या शेजारणींना सांगायच्या, तेव्हा माझी छाती फुगायची. पुढे हलक्या प्लॅस्टिकच्या गोण्या आल्या आणि मी कोपऱ्यात पडलो. तुळशीबाईंची लेक शितल आणि जावई नविन आशागडला भाड्याच्या खोलीत राहायला गेले, तेव्हा तांदूळ घेऊन मीही गेलो. तांदूळ संपले आणि मी पायपुसणं झालो. याचं मला फार वाईट वाटलं.

पौषात शितल बाळंत झाली. खोली पत्र्याची, बाळाचे पाय गार पडत. नविनने कुणाकडून तरी जुना हीटर आणला. तो लावला की चाळीतल्या सगळ्याच खोल्यांची लाईट जाई. घरमालकीण बायजी दारात येऊन म्हणाल्या, "परत हीटर लावला तर खोली खाली करा. बाकीच्यांनी काय अंधारात जेवायचं?"

तान्ह्या बाळाला घेऊन थंडीत जायचं कुठे? शितल रडकुंडीला आली.

नातवाला बघायला तुळशीबाई आल्या. खोलीत शिरताच त्यांनी वर पाहिलं. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये लांब फट होती आणि गार वारा सरळ आत येत होता.

"ही बुजवली का नाय?"

"हे बुजवत होते, मीच नको म्हटलं," शितल म्हणाली. "आपल्या घरी कुडाच्या भिंतीवर मोकळं ठेवतो ना, चुलीचा धूर जायला."

"अगं, पण इथं चूल कुठंय?"

शितल गॅसच्या शेगडीकडे बघत राहिली. मग मायलेकी पोट धरून हसल्या. लेक घर सोडून आली होती, पण घराची सवय सोबत घेऊन आली होती.

तुळशीबाईंनी मला धुऊन उन्हात वाळवलं. शेजारच्या खळ्यावरून भाताचा पेंढा मागून आणला, माझ्या पोटात भरला, तोंड शिवलं आणि मला फटीत घट्ट बसवलं. वाऱ्याने खूप ढकलून पाहिलं. मी म्हटलं, उंदराला दाद दिली नाही, तुला काय देणार? स्वयंपाक करताना मला खाली उतरवतात, म्हणजे हवा खेळते. गॅस बंद झाला की मी पुन्हा जागेवर. हीटर ज्याचा त्याला परत गेला.

एका संध्याकाळी बायजी आल्या. त्यांनी बाळाचे पाय चाचपले आणि संशयाने विचारलं, "हीटर कुठं लपवलाय?"

शितलने माझ्याकडे बोट दाखवलं. बायजी वर बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार, अजून पेंढा मिळेल का. वारा माझ्या खोलीत पण येतो."

मित्रांनो, विजेवर ऊब आणण्याआधी घरातली ऊब कुठून निसटते ते शोधा. जुनी वस्तू फेकण्याआधी तिला एक काम देऊन पाहा. आत्ताही वारा बाहेर शीळ घालतोय आणि खाली बाळ पांघरुणातून पाय बाहेर काढून झोपलंय. थंडी सरेपर्यंत माझ्या बाजूने तरी वाऱ्याला आत यायला मिळणार नाही.