खंडेनवमीला उघडलेली खिडकी

मी बोलतेय, पण मला पाहिलेले कोणीच नाही. संगणकावर चालणाऱ्या कामाने प्रोसेसरचा किती वेळ वापरावा, याची मी मर्यादा. चाकणमधल्या, साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात माझे ठाणे आहे.

मला जन्म दिला धनेशने. तो इथली संगणकव्यवस्था पाहायचा. कोणाचा तरी प्रोग्रॅम अखंड गरगरत सुटला होता आणि बाकीच्यांची कामे खोळंबली होती. त्याने फाइलीत एक ओळ लिहिली, मी आले, शिस्त लागली. पुढे धनेश दुसऱ्या कंपनीत गेला आणि माझी स्थिती वेशीवरच्या दैवतासारखी झाली. अशा दैवताला का बसवले ते विस्मरणात जाते. कोप तेवढा लक्षात राहतो.

माझी रीत सरळ आहे. आज्ञा स्वीकारणारी खिडकी, जिला शेल म्हणतात, ती उघडताना मी फाइलीतून तिच्यात शिरते; तिच्यातून सुरू होणारे प्रत्येक काम मला वारशाने घेऊन जन्मते. भिंतीवरच्या घड्याळाशी माझा संबंध नाही. प्रत्यक्ष राबलेला वेळ मी मोजते. तो भरला की काम संपवते. पडद्यावर ‘किल्ड’ एवढाच शब्द उरतो.

या शब्दाचे अर्थ माणसांनी आपापल्या वकुबाप्रमाणे लावले. मेमरी वाढवली. एसीचे तोंड फिरवले. कोणी लिंबू-मिरची टांगली. मी मोजत राहिले.

योगिनी लातूरहून आलेली, अजून प्रोबेशनवर. नव्या साच्यात ॲल्युमिनियमचा रस कसा भरेल, याचे तिचे गणित दर वेळी अर्ध्यावर मरे. शुक्रवारी ग्राहकाची माणसे येणार होती. तोवर गणित पुरे झाले नाही तर कायम होण्याची आशा सोडावी, असे तिला सौम्य शब्दांत सांगण्यात आले होते.

तिने एक विसंगती हेरली. गर्दीच्या दिवशी गणित उशिरा मरे. रविवारी, संगणक मोकळा असताना, लवकर.

“मोकळीक मिळाली की लवकर मरतंय,” ती स्वतःशीच म्हणाली, “म्हणजे कोणीतरी त्याचं काम मोजतंय.”

तिने मर्यादा दाखवणारी ‘युलिमिट’ ही आज्ञा देऊन शेललाच विचारले आणि माझा आकडा समोर आला. माझी ओळ तिने फाइलीतून पुसली.

गणित पुन्हा मेले.

विभागप्रमुख सोपानराव चिंचवड गावठाणातले. खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू वाहून ते स्वहस्ते एक खिडकी उघडत. वर्षभर मोठी गणिते तिच्यातूनच सोडायची, पुढच्या खंडेनवमीपर्यंत ती मिटायची नाही, असा त्यांचा दंडक. फाइल बदलली तरी आधीच उघडलेल्या त्या खिडकीत मी शाबूत होते, आणि तिथे मला वर उचलण्याचा, म्हणजे माझा आकडा वाढवण्याचा, अधिकार सामान्य वापरकर्त्याला नसतो.

योगिनीला हे उमगले. खिडकी मिटावी लागेल, असे तिने सोपानरावांना सांगितले.

“पूजेची हाय ती, पोरी. मधीच मिटायची न्हाई. तुझं गणित कच्चं, आन् बोल खिडकीला व्हय?”

“काका, गणपती उठवताना आपण काय करतो?”

“उत्तरपूजा. अक्षता टाकायच्या, मूर्ती जराशी हलवायची.”

“मग हिची करू या.”

सोपानरावांनी संगणकावरच्या वाळल्या हळदकुंकवाला बोट लावले. बसवण्याचा विधी ज्या परंपरेत आहे, तिच्यात उठवण्याचाही असतो, हे मला तेव्हा प्रथमच कळले.

“लातूरला बी अशीच करत्यात?”

“तिकडं पण तांदळाच्याच अक्षता, काका.”

कँटीनमधून तांदूळ आले, त्यांना कुंकू लागले. अक्षता कीबोर्डवर पडल्या. सोपानरावांनी तो जरासा उजवीकडे सरकवला आणि हात जोडले. आता ते एकेक अक्षर शोधत ‘एक्झिट’ लिहीत आहेत. खिडकीबरोबर मीही संपेन. योगिनीचे गणित पुरे झाले की नाही, ते मला समजणार नाही. अडलेच तर ते माझ्यामुळे अडलेले नसेल.

मागणे एकच. उद्या पुन्हा एखादा प्रोग्रॅम गरगरत सुटेल आणि मला बसवावे लागेल. तेव्हा कशासाठी बसवले, तेवढे शेजारी लिहून ठेवा.

शेवटच्या ‘टी’च्या बटणाखाली एक अक्षत अडकली आहे. सोपानराव फुंकर मारत आहेत. तेवढा वेळ मला मिळाला आहे, आणि तो कोणी मोजत नाही.