कुत्रीचं झबलं

कुत्री आमच्या अंगणात आली तेव्हा वहिनीचा चाळिसावा व्हायचा होता. बाळ जन्मल्यापासून चाळीस दिवस आमच्याकडे परका माणूस घरात येत नाही, बाळाजवळचा दिवा विझत नाही, आणि दोरीवरचे इवले कपडे दिवस मावळायच्या आत घरात येतात. अशा दिवसांत मी एक परकी बाई घरी आणली होती, तिच्या पाच पोरांसकट. ती चार पायांची होती, एवढंच.

आपा, म्हणजे माझी आई, हातातला डाव तसाच धरून दारात उभी राहिली.

"गुलाय, त्या खोक्यात काय आहे?"

"पिल्लं आहेत, आपा."

"आणि खोक्यामागे?"

"त्यांची आई."

"अगं, घरात बाळंतीण आहे!"

"हीपण बाळंतीणच आहे."

"जीभ बघा हिची. कुत्र्यांची सुईण झालीस तू. तुझ्याबरोबरच्या पोरी दोन-दोन लेकरांच्या आया झाल्या."

मी बिश्केकमधल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात काम करते. त्या वसंतात तिथे रक्ताच्या हगवणीची साथ आली होती. मोठी कुत्री तगत होती, पण पिल्लं संध्याकाळी खेळायची आणि सकाळी थंडगार सापडायची. निवाऱ्याच्या तमाराबाईंनी व्यालेल्या कुत्र्या घराघरांत वाटून दिल्या. पिल्लांचं दूध सुटेपर्यंत आणि त्यांना लस टोचून होईपर्यंत सांभाळायचं, मग परत द्यायचं. माझ्या वाट्याला ही पिवळी आली. एक कान फाटलेला, आणि मानेभोवती केस नसलेलं गुलाबी कडं. कोणीतरी कधी तारेचा फास घातला होता.

आपाने सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. "कोळशाच्या खोलीत ठेव. चाळिसाव्यापर्यंत. त्या दिवशी पाहुणे येतील, तेव्हा खोली रिकामी हवी."

"आपा, तोवर त्यांना धड दातसुद्धा फुटायचे नाहीत. परत नेली तर एखादं वाचलं तर वाचेल."

"तुझी पाच आहेत," आपा म्हणाली. "माझं एक आहे. मी आधी त्याचं बघणार."

आयझात वहिनीचं पहिलं बाळ चाळिसाव्यापर्यंत पोचलं नव्हतं. म्हणून या नातवाला आपा त्याच्या नावाने हाकच मारत नसे. कुचुक म्हणायची. कुचुक म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. वाईट नजरेला वाटावं, इथे कसलं बाळ, कुत्र्याचं पोर लोळतंय. दिवसभर घरात कुचुक, कुचुक चालायचं, आणि अंगणातल्या खऱ्या कुचुकांकडे आपा ढुंकून बघायची नाही.

मी कोळशाचा ढीग एका बाजूला सारला, फळ्या टाकल्या, वर जुनं नमद्याचं जाजम अंथरलं. पिवळी आत गेली, तीन गिरक्या घेऊन पडली, आणि पिल्लं रांगेने तिला लागली. चौघांनी जागा धरली. पाचवं काळं, सगळ्यांत बारीक. ते आचळापाशी जायचं आणि दुसऱ्याच्या ढुशीने गडगडत खाली यायचं. मी रोज इतरांना जरा सारून त्याला मागच्या आचळाला लावायची, कारण दूध तिथे जास्त उतरतं, आणि त्याचं पोट तट्ट होईपर्यंत हात धरून बसायची. पिवळी मला तेवढं करू द्यायची. मानेकडे हात गेला की मात्र ओठ वर उचलायची.

वहिनी खिडकीतून बघायची. तिच्यासाठी मेंढीच्या मटणाचा रस्सा उकळायचा, त्यातली हाडं ती कागदात बांधून मला खिडकीतून द्यायची.

"काळं प्यायलं का?"

"प्यायलं."

"आज किती वेळ?"

"तुझा कुचुक पितो तेवढा वेळ."

ती हसायची आणि पडदा लावून घ्यायची. आतून आपाचा आवाज यायचा. आपा पाळण्यापाशी स्वतः जुळवलेलं काहीतरी गुणगुणायची:

*पाळण्याची दोरी, काळ्या शेळीच्या केसांची,*
*विचारू नये बाई, निजली लेकरं कुणाची.*

चाळिसावा जवळ आला तशी आपा झबलं शिवायला बसली. नारीनच्या डोंगरात तिची एक आत्या आहे, पणतवंडं पाहिलेली. तिच्या जुन्या कुर्त्याचं कापड मागवलं होतं. मोठे मोठे टाके, कड न दुमडलेली. हे झबलं आधी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं, त्यात बोर्सोक, म्हणजे पिठाचे तळलेले तुकडे, आणि गोड गोळ्या गुंडाळायच्या, कुत्रं पळवायचं, गल्लीतल्या पोरांनी मागे धावून ते पकडायचं. खाऊ पोरांचा. झबलं मात्र घरातल्या वडीलधाऱ्या बाईने हातात घ्यायचं आणि तसंच बाळाला चढवायचं. कुत्रं उन्हातान्हात, बर्फात, लाथा खाऊन जगतं. तसं हे जगू दे.

"पिवळीच्या गळ्यात बांधू," मी म्हटलं.

"आगापिछा नसलेलं जनावर नको. तिच्या मानेवरचं ते दिसतंय ना? तिनेच काय काय सोसलंय, ते का माझ्या कुचुकाला? मी कादिरच्या अलाबाईला सांगून ठेवलंय."

अलाबाई म्हणजे शेजारच्या कादिर-आकेचा मेंढ्या राखणारा धिप्पाड कुत्रा. त्याचा आजा-पणजासुद्धा आपाला माहीत होता.

चाळिसाव्याच्या सकाळी मी खोकं काढून ठेवलं. तमाराबाईंची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. पिल्लं आता डोळे उघडून डगमगत चालायला लागली होती. चार गुबगुबीत, काळं अजून त्यांच्या निम्मंच. मी त्याच्याकडे फार वेळ बघायचं टाळलं.

घर बायकांनी भरलं. बोर्सोक तळून ताटांत डोंगर झाला. प्रत्येक बाईने तांब्याच्या वाडग्यात एकेक चमचा पाणी घालत चाळीस चमचे पुरे केले, त्या पाण्याने कुचुकाला न्हाऊ घातलं, त्याचे जन्माचे केस उतरवले. आता झबलं. फाटकापाशी पोरं दोन्ही हात पसरून तयार.

तेवढ्यात कादिर-आके आला. एकटाच.

"कुत्रा कुठाय?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. "आपा, मेंढ्या व्यायला लागल्यात. धाकट्याने पहाटेच त्याला कुरणावर नेला. मला कळलं तेव्हा टेम्पो गेला होता."

"मग झबलं तू घाल गळ्यात!"

"घालीन की. पण या गुडघ्यांनी मला पोरं फाटकापर्यंतसुद्धा जाऊ द्यायची नाहीत."

बायका हसल्या. आपा हसली नाही. आत टॉवेलमध्ये गुंडाळलेला कुचुक रडत होता, आणि झबल्याशिवाय त्याच्या अंगावर दुसरं काही घालता येत नव्हतं. वहिनी कधी बोलत नाही फारशी. ती दारातून म्हणाली, "आपा, कुत्री अंगणात आहे."

आपाने झबल्याचं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग माझ्यापुढे धरलं.

"बांध. पण सैल बांध."

मी पिवळीला बाहेर आणलं. कापड मानेला टेकलं तशी ती थरथरली, ओठ वर गेला, पण माझ्या हाताचा वास घेऊन उभी राहिली. मी एकच गाठ मारली आणि सोडून दिलं. पोरं ओरडली. पिवळी दचकली, आणि फाटकापाशी जमलेल्या सगळ्या गल्लीला पाठ दाखवून धूम कोळशाच्या खोलीत शिरली.

तान्ही पोरं टाकून रस्त्यावर कोण पळेल? पण हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"घ्या!" कादिर-आके म्हणाला. "बाळंतिणीने आहेर घरी नेला."

एक मोठा मुलगा दारापाशी गेला तो गुरगुर ऐकूनच मागे आला. मी पुढे झाले.

"तू थांब," आपा म्हणाली. "झबलं घरच्या मोठ्या बाईने घ्यायचं असतं."

"आपा, ती चावेल. तुला ती ओळखत नाही."

"मी तरी कुठे तिला ओळखते?"

आपाचे गुडघे दुखतात. खोलीचं दार बुटकं. ती भिंत धरून वाकली, मग चक्क रांगत आत गेली. आतून खोल गुरगुर आली. एक बाई पुटपुटत दुआ म्हणू लागली. वहिनी बाळाला छातीशी धरून ओसरीच्या पायरीपर्यंत आली होती, आणि तिला मागे जा म्हणायचं कोणाला सुचलं नाही.

गुरगुर चालू राहिली. मग तिच्या खालून दुसरा आवाज आला. आधी मला कळेना. मग ओळखीची चाल लागली. पाळण्याची दोरी, काळ्या शेळीच्या केसांची. आपा गात होती, अगदी हळू, नातवापाशी गाते तशी. गुरगुर तुटक झाली. मग थांबली. गाणं मात्र पुढे चालूच राहिलं.

किती वेळाने कोण जाणे, आपा बाहेर आली. हात कोपरापर्यंत काळे, पांढऱ्या ओढणीवर कोळशाची बोटं, हातात झबल्याचं गाठोडं. अंगातली कापूस भरलेली बंडी मात्र नव्हती.

"बंडी कुठाय?" कादिर-आकेने विचारलं.

"गळ्यातून सुटलेल्या झबल्यावर तिने ते काळं ठेवलं होतं," आपा माझ्याकडे बघत म्हणाली. "सगळ्यांपासून वेगळं, पोटाशी. ते काढून कसं घेऊ? बंडी आधी खाली सारली, मग झबलं ओढलं. गार आहे गं ते. तू त्याला असंच ठेवतेस?"

"दूध पुरत नाही त्याला, आपा."

"मग बकरीचं दूध घरात काय शोभेला आहे?"

ती ओसरीवर गेली. खाऊ पोरांपुढे टाकला. झबलं झटकलं, पण पिवळे केस काही सगळे गेले नाहीत, आणि छातीवर कोळशाचा एक ठसा राहिला. तेच तिने कुचुकाला चढवलं. तो एकदा शिंकला आणि रडायचा थांबला. बायकांनी आयुष्य मोठं होवो म्हणून तोंडावरून हात फिरवले.

मी बकरीचं दूध कोमट करायला ठेवलं. आपा हात धुवायला चुलीपाशी आली.

"ते खोकं कशाला काढलंयस?"

"उद्या तमाराबाई न्यायला येणार. तूच म्हणालीस, चाळिसाव्यापर्यंत."

आपाने साबण लावला. नखांतला कोळसा निघेना. ती बराच वेळ घासत राहिली.

"तिचे किती दिवस झाले?"

मी सांगितलं. चाळीस व्हायला अजून बरेच होते.

"मग बाईला फोन कर," आपा म्हणाली. "म्हणावं, बाळंतीण चाळिसाव्याआधी आमच्या घरातून हलत नाही. आणि मला दुसरी बंडी आण, गार वाजतंय."