ऋषीचं बोंडलं

टिंग.

बेसमेंटच्या शांततेत माझ्या काठावर चमचा वाजला. पाच वर्षांत पहिल्यांदाच कुणाचा तरी हात लागला मला.

मित्रांनो, मी एक जुनी इंग्लिश चांदीची सॉसबोट आहे. पोट होडीसारखं, पुढे चोच, मागे कान, खाली तीन पाय. लंडनच्या एका कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं आणि पोटावर एका उमरावाच्या घराण्याची खूण कोरली, गव्हाची ओंबी धरलेला सिंह. पांढरे हातमोजे घातलेले नोकर मला मेजाभोवती फिरवत. मी भाजलेल्या मांसावर रस्सा ओतत असे. लोक माझी चकाकी वाखाणत, पण माझी वाट कुणीच पाहत नसे. माझ्यावाचूनही त्यांची पोटं भरलेलीच असत.

पुढे घराणं मोडलं. विकली जात जात मी अमेरिकेत, नोव्हाय नावाच्या गावात एका म्हाताऱ्या बाईंच्या कपाटात आले. त्या वारल्यावर, २००३ च्या वसंतात, त्यांचं सगळं सामान विकायला अंगणात मांडलं. तिथे संध्याकाकू आल्या. चाळीस वर्षांपूर्वी डॉक्टर नवऱ्याबरोबर इकडे आलेल्या. मला पाहून त्या बरोबर आलेल्या तरुण शेजारणीला म्हणाल्या, "सुनेत्रा, अगं, हे तर बोंडलं!"

बोंडलं म्हणजे तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं भांडं. सुनेत्राचा ऋषी दीड महिन्याचा होता. त्याच्या हृदयाला छिद्र होतं. बाटली चोखताना तो दमायचा आणि उपाशीच झोपी जायचा. दहा पौंड वजन झालं की ऑपरेशन करू, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

विकणारीने सांगितलं, हे मांसाच्या रश्श्याचं भांडं आहे. दोघींचे चेहरे उतरले. पण काकू हटल्या नाहीत. त्यांनी मला तीनदा उकळलं, मग देवघरातला गंगेचा सीलबंद गडू फोडून माझ्यावर पाणी शिंपडलं. ऋषीचे बाबा विवेक म्हणाले, "काकू, आमच्या ग्रीन कार्डची प्रोसेससुद्धा एवढी कडक नाहीये."

घरी येणाऱ्या नर्सने एकदा नीट पाहिलं, मग मान हलवली. आणि मी थेंब थेंब दूध पाजू लागले. ऋषी माझी चोच ओठांत धरून डोळे मिटायचा. दर आठवड्याला त्याला वजनाच्या काट्यावर ठेवत आणि सुनेत्रा आधी काकूंना फोन लावी. सात पौंड. पावणेआठ. मित्रांनो, एवढ्या मेजवान्या वाढल्या मी, पण कुणाला पुरेल की नाही याची धास्ती मला तेव्हाच कळली.

साडेआठवर काटा थांबला. पुढच्या आठवड्यात एका सकाळी ऋषीने दोन घोट घेतले आणि तो थांबला. अर्धं दूध माझ्यातच राहिलं. दीड पौंड. तेवढं मला जमलं नाही.

ते दूध दोन दिवस कुणी ओतलं नाही. मग सुनेत्रा मला रांगोळीने घासू लागली. रोज घासायची. आधी सिंहाचा चेहरा गेला, मग ओंबीचे दाणे गेले, तरी तिचे हात थांबेनात. शेवटी काकूंनी मला तिच्या हातातून काढून घेतलं, ऋषीच्या दुपट्यात गुंडाळलं आणि बेसमेंटच्या कपाटात ठेवून दिलं. तिथे मी काळी पडले. आता मी कुठल्या घराण्याची, हे मलाही सांगता येणार नाही.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. ज्या भांड्याला कुणाचे ओठ लागले, ते घासून कोरं करू नका. त्यात काहीतरी वाढत राहा. रिकामेपण फार जड असतं हो.

आज चारुताने मला शोधून काढलं. ही ऋषीच्या पाठची, चार वर्षांची. तिने बाहुलीला मांडीवर घेतलं, माझ्यात नसलेलं दूध चमच्याने ढवळलं आणि माझी चोच बाहुलीच्या तोंडाला लावली. तेवढ्यात कपड्यांची बास्केट घेऊन सुनेत्रा खाली आली. मला पाहून ती पायरीवरच बसली.

"ते ऋषीदादाचं आहे," ती शेवटी म्हणाली. हे नाव तिने चारुतासमोर कधीच घेतलं नव्हतं. "तो याच्यातून दूध प्यायचा."

"दादा बेबी होता?"

"हो, राणी."

चारुताने माझ्या काळ्या पोटात वाकून पाहिलं, बोट फिरवलं, आणि विचारलं,

"आई, मग त्याचं पोट भरलं होतं ना?"