न खोललेलं इंजिन

"स्टूल देऊ का, साडूभाऊ? हिला पण लागतं चढताना."

ही म्हणजे साडूची बायको. हे ऐकल्यावर स्टूल घेणं शक्यच नव्हतं. चाळीसरावांनी एक पाय जमेल तेवढा वर उचलला, दाराला लोंबकळले, कमरेत काहीतरी 'कट्' झालं ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही आणि एकदाचे सीटवर पोचले.

"वर हवा छान लागते," साडू म्हणाला.

"छान आहे," चाळीसराव म्हणाले. अकरा वर्षं ते या हवेकडे खालून बघत आले होते.

दोघांनी एकाच आठवड्यात, एकाच शोरूममधून, एकाच रंगाचे छोटे पिकअप घेतले होते. बायकाही एकाच घरातल्या, थोरली यांच्याकडे आणि धाकटी त्याच्याकडे. इथवर सगळं समसमान होतं. पण पहिल्याच महिन्यात साडूने मूळचे टायर काढून एवढे थोराड टायर बसवले, की गाडी जमिनीशी भांडण झाल्यासारखी उंच उभी राहू लागली. "चाक मोठं असलं की इंजिन कमी फिरतं, आणि कमी फिरलं की कमी झिजतं," असं तो स्टँडवर सांगे, आणि लोक ऐकत. इंजिन कमी फिरवायचं तर गाडी हळू चालवावी, असं चाळीसरावांचं मत होतं, आणि ते कोणी ऐकत नसे. ते टॉप गिअर टाकत आणि काटा चाळीसच्या वर जाऊ देत नसत. नाव त्यावरूनच पडलं होतं. खरं नाव युनियनच्या रजिस्टरात होतं, पण तिथेही शेजारी कोणीतरी पेन्सिलीने 'चाळीस' लिहून ठेवलं होतं.

आपली गाडी कामाला टाकली आहे असं सांगून ते आज साडूच्या गाडीत बसले होते. काम गाडीचं नव्हतं, साडूचं होतं.

येत्या रविवारी युनियन सगळ्या गाड्यांचे मीटर वाचणार होती. एकदाही न खोलता ज्याचं इंजिन सर्वांत जास्त चाललं असेल, त्याच्या दारावर पेंटर पिवळ्या रंगात तो आकडा रंगवणार आणि खाली लिहिणार, 'न खोललेलं इंजिन'. चाळीसरावांच्या मीटरवर तीन लाख चार हजार होते आणि साडूच्या मीटरवर दोन लाख ब्याण्णव. बाकी सगळे फार मागे. तेव्हा पहिला नंबर ठरल्यासारखाच होता. प्रश्न दुसऱ्या नंबरचा होता. तो साडूला मिळू नये, एवढीच चाळीसरावांची माफक इच्छा होती.

मोठं चाक म्हणजे मोठा आकडा, असा त्यांचा हिशोब होता. साडूचं मीटर फुगवून सांगत असणार. हे सिद्ध केलं की त्याचं नाव यादीतूनच उडेल.

पहिला किलोमीटरचा दगड आला तसा त्यांनी मीटरवरचा आकडा पाठ केला आणि पुढचे दगड बोटांवर मोजायला घेतले.

"कंबर दुखतेय का?" साडूने विचारलं.

"छे! कंबर कशाला दुखेल?"

"नाही, श्वास धरून बसलाय म्हणून विचारलं."

पुढे चढ लागला. साडूने ताबडतोब गिअर खाली घेतला. इंजिन मोकळं होऊन, न कुरकुरता वर चढलं.

"तुम्हीच शिकवलं नाही का?" साडू हसला. "इंजिनाला धाप लागू द्यायची नाही, गिअर खाली घ्यायचा. हे टायर टाकल्यापासून तर एकही चढ विसरलो नाही बघा."

चाळीसरावांना आठवलं. एका मोकळ्या मैदानात, उसन्या गाडीवर, त्यांनीच या माणसाला स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. पुढे इंजिन जपायच्या नादात स्वतः मात्र ते चढालाही टॉप गिअर सोडेनासे झाले. पण आत्ता त्यांना त्याचं काही नव्हतं, कारण दहा दगड पुरे झाले होते आणि मीटर म्हणत होतं, आठ किलोमीटर सातशे मीटर.

फुगलेलं नव्हतं, उलट बसलेलं होतं. तरी खोटं ते खोटंच. चाळीसराव उतरले ते उडी मारूनच, आणि कंबर धरून थेट फिटरकडे गेले. युनियनच्या वतीने इंजिनांची सीलं हाच फिटर तपासायचा.

"दहाला आठ पॉइंट सात! नाव काढा त्याचं."

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. एक बाटलीचं झाकण आणि एक पत्र्याची ताटली घेऊन दोन्ही फरशीवर एकेक फेरी फिरवली. झाकण जवळच थांबलं. ताटली पार चाळीसरावांच्या चपलेपर्यंत आली.

"मीटर फेऱ्या मोजतं, रस्ता मोजत नाही," फिटर म्हणाला. "मोठं चाक एका फेरीत जास्त रस्ता खातं. त्याची गाडी दहा चालली, मीटरने लिहिले पावणेनऊ. अकरा वर्षं हेच चाललंय."

खडू घेऊन त्याने फरशीवर गणित मांडलं. उत्तर आलं तीन लाख पस्तीस हजार आणि वर काही.

चाळीसराव त्या आकड्याकडे बघत राहिले. "म्हणजे मोठ्या टायरनी इंजिन टिकतं म्हणायचं."

"कुठलं टिकतंय! फेऱ्या कमी होतात, पण ओझं वाढतं. टिकलं ते त्याच्या हातामुळे. तुमच्यासारखं टॉप गिअरला चाळीसवर गुरगुरत नेलं असतं, तर कधीच बसलं असतं."

"माझं कुठे बसलं?"

"तुमची गाडी गरीब आहे," फिटर म्हणाला. मग पायाने खडू पुसून टाकला. "युनियनचा नियम मीटरचा आहे. मला कोणी विचारलं नाही, तर मी काही बोलणार नाही."

घरी बायको म्हणाली, "धाकटी सांगत होती, त्यांच्या गाडीतून म्हणे भिंतीपलीकडचं दिसतं."

"काय आहे भिंतीपलीकडे?"

"दुसरी भिंत. पण दिसते ना." थोड्या वेळाने तिने विचारलं, "रविवारी आपलाच नंबर ना? मी पण येणार आहे."

ती आजवर कधी स्टँडवर आली नव्हती. "आपलाच," चाळीसराव म्हणाले.

रविवारी अध्यक्षांनी आकडे वाचले. चाळीसराव पहिले, साडू दुसरा. टाळ्या पडल्या. पेंटर डबा घेऊन तयारच होता. तो चाळीसरावांच्या दाराशी उकिडवा बसला आणि कामाला लागला.

साडूने येऊन त्यांना मिठी मारली. "मी म्हणतच होतो!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "मला गाडी यांनीच शिकवली. यांच्या मागे दुसरा म्हणजे मी पहिलाच की!"

चाळीसरावांनी त्याचा चेहरा अगदी जवळून तपासला. डोळ्यांत बघितलं, ओठांच्या कोपऱ्यात बघितलं. हेवा म्हणून कुठे नव्हता. एवढी वर्षं हे ओझं आपण एकट्यानेच वाहिलं, या माणसाने एका बाजूने हातसुद्धा लावला नाही, याचा त्यांना भयंकर राग आला. नंबर आपल्याला मिळाला आणि मोठेपणा हाच घेऊन निघाला होता.

"थांबा," ते म्हणाले. "याचा आकडा चुकलाय."

"वाचला ना आत्ता," अध्यक्ष म्हणाले.

"मीटर फेऱ्या मोजतं, रस्ता नाही. मोठ्या चाकांमुळे याचं मीटर मागे आहे. याची गाडी तीन लाख पस्तीस हजार झालीय. फिटरला विचारा."

फिटरला विचारलं. विचारल्यावर तो बोलला. गर्दीत कुजबुज झाली.

"जाऊ द्या ना, साडूभाऊ," साडू ओशाळला. "मला नको..."

"गप्प बस! चढाला गिअर खाली घेतलास म्हणून टिकलं. आणि ते तुला शिकवलं कोणी?" हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. दुसऱ्यांदा मोठ्याने.

अध्यक्षांनी यादी सुधारली. टाळ्या पुन्हा पडल्या, या वेळी जास्त, आणि त्यातल्या नेमक्या कोणाच्या वाट्याच्या किती, हे मोजणारं मीटर तिथे नव्हतं. गर्दी मोठ्या टायरांच्या गाडीकडे सरकली. साडूने पेंटरसाठी स्टूल आणून ठेवलं.

पेंटर मात्र अजून चाळीसरावांच्या दारापाशीच होता. तोवर त्याचा एकच आकडा रंगवून झाला होता, तीन. ठसठशीत, पिवळाधमक. त्याने चिंधी काढली.

"पुसू का? ओलं आहे तोवर निघेल."

चाळीसरावांनी बघितलं. "राहू दे," ते म्हणाले. "तीन लाख तर खरंच झालेत."

पेंटर डबा उचलून गेला. चाळीसरावांची बायको इतका वेळ एका बाजूला उभी होती.  ती येऊन दाराला पाठ करून, रंगाला लागणार नाही एवढं अंतर ठेवून उभी राहिली आणि साडूच्या गाडीकडे धावणाऱ्या लोकांना हात आडवा करून सांगू लागली,

"जरा लांबून जा हो. आमचं ओलं आहे."