सही राहिलेला फॉर्म

दिघोरीत बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीक विमा, पोरांच्या शिष्यवृत्त्या, सगळं माझ्या हातून जातं, आणि माझ्या हातून गेलेला फॉर्म त्रुटी निघून परत येत नाही. ही बढाई समजायची तर समजा. एकच फॉर्म असा आहे, जो सगळा भरून, टाचणी लावून, पाकिटावर पत्ता लिहून गेलाच नाही. तो माझ्या सासऱ्यांचा होता.

माझे सासरे टेकचंद फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत, पूर्वेच्या आघाडीवर, एका नाल्याच्या काठी तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या डाव्या गुडघ्यात शिरला. पाय वाचला, पण पुन्हा वाकला नाही. त्यानंतर फौजेनं त्यांना कोठारावर बसवलं. चौऱ्याहत्तर साली सुट्टीवर येताना ते जखमी सैनिकाला देतात ते मेडल घेऊन आले, आणि आठ दिवसांत ते घरातून नाहीसं झालं. चोरी गेलं, असं त्यांनी धरून घेतलं. पुढे फौज सुटली तेव्हा नोकरीच्या नोंदींचं जे पुस्तक हातात पडलं, त्यात लढाईत सगळ्यांनाच मिळालेली दोन मेडलं होती. जखमेचं नव्हतं. कोण्या कारकुनाची एक ओळ लिहायची राहिली. बाबांनी पन्नास वर्षं ते पुस्तक नीट वाचलंही नाही. स्वतःचा पाय रोज दिसत असताना पुस्तकात काय पाहायचं?

पाहायची वेळ आणली ग्रामपंचायतीनं. गावातल्या माजी सैनिकांच्या नावांचा बोर्ड लागला, माहिती सरकारी रेकॉर्डावरून घेतली. शेवटचा रकाना होता 'युद्धात जखमी'. बाबांच्या नावापुढे लिहून आलं 'निरंक'. सरकारला 'नाही' म्हणायची लाज वाटते तेव्हा ते निरंक म्हणतं. बोर्डाखाली दहापाच माणसं जमली होती. त्यात गोमाजी, बाबांच्याच वयाचा, सहज बोलून गेला, "मंग टांग काहून लंगडते गा फौजी? बैलानं लाथ हानली असन."

सगळे हसले. गोमाजीच्या मनात वाईट नव्हतं, त्याला बोलायची सवयच तशी. पण बाबा घरी आले ते पुन्हा चौकात गेले नाहीत. पन्नास वर्षं ज्या लोकांना त्यांनी नाल्याची गोष्ट सांगितली, त्यांना आता वाटत होतं की म्हातारा फेकत होता. थंडी सरता सरता त्यांच्या घशात गाठ निघाली. जूनमध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी घरी घेऊन जा म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला कळला, आणि त्यांनाही.

"अंजू," ते म्हणाले. आवाज उरला नव्हता, ओठांजवळ कान न्यावा लागायचा. "तेवढी एक लाइन लिहून आन. मी खोटा होऊन नाई मरत."

बोर्ड लागल्यापासून मी अर्ज करतच होते. चार अर्ज गेले. रेकॉर्ड ऑफिसातून उत्तर यायचं, 'नोंद आढळून येत नाही.' अहो, आढळत नाही म्हणूनच तर अर्ज केला. दवाखान्याचे कागद मागितले तर 'मुदत संपल्याने नष्ट'. माझा नवरा मनिष म्हणाला, जाऊ दे, बाबाले समजावू. मी त्याला म्हटलं, तू समजाव, मला जमत नाही. तो ट्रॅक्टर घेऊन चिखलणीला निघून गेला.

जुलैत मी दोन एसट्या बदलून भंडाऱ्याला गेले. तिथल्या सैनिकांच्या कार्यालयात राजकुमार सर भेटले, स्वतः रिटायर हवालदार. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, हेच मला नवीन होतं.

"मेडल आहे का?" ते म्हणाले. "मेडलच्या कडेवर जवानाचा नंबर अन् नाव कोरलेलं असते. ते कोनी नाकारू शकत नाई. मूळ मेडल पाहिजे, फोटो नाई चालत. संग हा फॉर्म, त्याच्यावर त्याइची सही. अन् एक सांगतो ताई, मानूस हयात आहे तोवर करा. मागून वारसाचं लचांड लागते, वर्सं जातात."

घरी येऊन मी तीन दिवस घर उलटंपालटं केलं. फौजेची पेटी, माळा, धानाची कोठी, देवाचं फडताळ. दुकान बंद ठेवलं. सासूबाई, गोदावरीबाई, बाबांच्या खाटेजवळ बसून नुसत्या पाहत होत्या. मदतीला उठल्या नाहीत, की राहू दे म्हणाल्या नाहीत. मला त्यांचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी मी रिकाम्या हातानं खाटेशी गेले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना समजलं. ते रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मग बराच वेळ दम गोळा करून म्हणाले, "जेनं कोनं नेलं असन, तेचं वाटोळं होईन. मेल्यावर बी तेले पानी नाई भेटाचं."

सासूबाई ताडकन उठल्या आणि मागच्या वाडीत गेल्या. मी मागून गेले. त्या वांग्याच्या झाडांपाशी उभ्या राहून तोंडात पदर कोंबत होत्या.

"चोरी नाई गेलं ते," त्या म्हणाल्या. "तुह्या आजेसासूनं मातामायले देल्लं. मी संग होती."

मातामाय म्हणजे आमच्या गावाची देवी. तळ्याच्या पाळीवर कडुलिंबाखाली शेंदूर लावलेले चार दगड. लढाई चालू असताना आजेसासूनं तिथं नवस बोलला होता, लेक जित्ता येऊ दे, लढाईतून जे चीज आनन ते तुही. लेक आला, पण हात हलवत आला. दोन वर्षं म्हातारी नवस अंगावर घेऊन फिरली. मग मेडल आलं. तिनं ते लोट्यात घालून दगडामागं पुरलं. सासूबाई तेव्हा नुकत्या लग्न होऊन आलेल्या, कंदील धरून उभ्या होत्या.

"अन् बाबाले काहून नाई सांगितलं?"

"जेच्यासाठी नवस, तेले सांगाचा नसते. सांगला त फुटते."

"ठीक आहे. आता काढून आणू."

त्यांनी माझा हात धरला. सत्तरीची बाई, पण पकड अशी की बांगडी रुतली. "आपन वापस घेतलं त मातामाय बी वापस मागन. सासूनं जीव मांगून घेतला होता त्याइचा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, ते मरूनच राहिले."

"मरून राहिले," त्या म्हणाल्या. "मेले नाई."

देवीवर माझा विश्वास आहे की नाही, हे मी तोवर स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "तू मले इचारू नको. मी हो नाई म्हननार अन् नाई बी नाई म्हननार. ते सोताच्या मायले शिव्या देत मरून राहिले, हे बी मले नाई पायवत."

धानाची रोपं रोवण्याचे दिवस होते. दुपारी अख्खं गाव बांध्यांत वाकलेलं असतं, पाळीवर कुत्रंही नसतं. मी घरातली सब्बल, लोखंडी पहार, घेतली आणि गेले. देवीला हात जोडले, आणि जोडता जोडता मनात म्हटलं, तुला काय करायचंय मेडलचं, तुझा पाय कुठं लंगडतो. मग भीती वाटली आणि कान पकडले. हातभर खोल गेल्यावर लोटा लागला. पितळ हिरवं पडलं होतं. आत चिखलात मेडल होतं. त्याची फीत कुजून गेली होती.

घरी चिंच लावून घासलं. कडेवर अक्षरं उघडी पडली. नंबर, हुद्दा, टेकचंद.

त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून कडेवरून नख फिरवलं आणि नंबर म्हणून दाखवला. सातही आकडे, हिंदीत, फौजेत हजेरीला म्हणतात तसे. आवाज नव्हता, नुसते ओठ. मी कडेवर बोट ठेवून पडताळत होते आणि रडत होते. कुठं सापडलं विचारलं त्यांनी. कोठीच्या मागं, मी म्हटलं.

राजकुमार सरांना फोन केला. ते इतके खूश झाले, जसं त्यांचंच मेडल सापडलं. फॉर्म भरला. एकेक रकाना तीनदा तपासला. रजिस्टरचं पाकीट तयार केलं. फक्त सही राहिली. बाबांना त्या दिवशी ग्लानी होती, म्हणून उद्यावर टाकलं. उद्याही तसंच झालं.

आणि या दोन दिवसांत सासूबाईंनी अन्नाला हात लावला नाही. खाटेला चिकटून बसायच्या. बाबांचे डोळे लागले की दोन बोटं त्यांच्या नाकाखाली धरायच्या, श्वास लागतो का पाहायला. काढून घ्यायच्या, पुन्हा धरायच्या. मी जेवायला बोलावलं की मान हलवायच्या. मेडलकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा जरा हुशारीत होते. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, पुठ्ठ्यावर फॉर्म लावला, पेन हातात दिलं. "इथं, बाबा." त्यांनी पेन टेकवलं. तेवढ्यात थकून डोळे मिटले, आणि सासूबाईंची बोटं नाकाखाली गेली.

त्यांनी डोळे उघडले. "काय पाहून राहिली? जित्ता आहो मी."

सासूबाईंचा बांध फुटला. नवस, लोटा, कंदील, सब्बल, सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "सही करा. मी नाई अडवत."

बाबांनी वर छपराच्या कवेलूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मायलेच शिव्या देल्ल्या मीनं."

"तुम्हाले मालूम नोयतं बाबा," मी म्हटलं. "सही करा. मी आजच पोस्टात टाकते."

"अन् मी उद्या मेलो त?"

मी पेन त्यांच्या बोटांत नीट बसवलं.

"ही म्हनन, मीनं मारलं." ते सासूबाईंकडे पाहून बोलत होते, पण सांगत मला होते. "जनमभर म्हनन. कोनी समजावलं त बी नाई आयकनार. पन्नास वर्सं एक गोष्ट पोटात ठेवनारी बाई हाय हे." त्यांनी पेन पुठ्ठ्यावर ठेवलं. "वापस ठेवून ये, अंजू."

मी भांडले. मरणाऱ्या माणसाशी भांडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. अकरा महिने मी कोणाकोणाचे पाय धरले ते सांगितलं. गोमाजीचं नाव घेतलं. सही करा आणि मग मेडल ठेवून येते म्हटलं, आणि म्हणतानाच मला माहीत होतं की मूळ मेडलाशिवाय तो कागद रद्दी आहे. सासूबाई हात जोडून त्यांना सही करा म्हणत होत्या आणि मी ओरडत होते.

"मले खोटा म्हनतीन त म्हनू दे," ते म्हणाले. "मी त चाललो बेटा. हिले इथं राहाचं हाय. अन् मी गेल्यावर बी काढजो नको. मायनं देल्लं ते देल्लं."

त्या दुपारी ते झोपले असताना मी दुकानातून शाईचा पॅड आणला. सहीऐवजी अंगठाही चालतो, फॉर्मवर तसं छापलेलं आहे. मी त्यांचा हात उचलून मांडीवर घेतला. हाडं आणि कातडी, दुसरं काही नव्हतं त्यात. कितीतरी वेळ घेऊन बसले. मग पॅड बंद केला आणि पदरात मेडल बांधून पाळीवर गेले. तेवढाच खोल खड्डा केला, माती अजून बसली नव्हती. तिथंच ठेवलेल्या लोट्यात घालून बुजवलं आणि वरून पायानं दाबलं, जरा जोरातच.

घरी आले तर सासूबाई भात खात होत्या. बाबा उशीला टेकून त्यांना घास घास खाताना पाहत होते.

त्यानंतर ते नऊ दिवस जगले. पाणीसुद्धा जाईना, खूप हाल झाले. गेले तेव्हा गोमाजीही आला होता, खांदा दिला त्यानं. माझा त्याच्यावरचा राग गेला नाही, बाबांवरचाही पुरता गेलेला नाही. फॉर्म माझ्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे. सहीच्या जागी निळ्या शाईचा एक ठिपका आहे, पेन टेकवलं होतं तिथं.

पण बाबा गेले त्या दिवशी मी सासूबाईंना धरून बसले होते आणि त्या काय बोलतात ते कान देऊन ऐकत होते. त्या ऊर बडवून रडल्या. मले सोडून कायले गेलात म्हणाल्या, आता मी कोनासंग बोलू म्हणाल्या, देवाला नावं ठेवली, डॉक्टरला ठेवली. मीनं मारलं, असं मात्र त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.