रिकाम्या कोर्टाची तारीख

नॉर्थ डकोटातल्या फेडरल कोर्टांच्या जुन्या-नव्या इमारतींची यादी तयार होत होती. इमारती एकूण अकरा. चार 'चालू' होत्या. सहा 'माजी' होत्या: एकीत वाचनालय आले होते, एकीत बिअर तयार होत होती, दोहोंत लोक राहत होते आणि दोन पाडून झाल्या होत्या. अकरावी ऑस्टबीची. ती अजून कुठल्याच रकान्यात बसली नव्हती.

ऑस्टबीची डेप्युटी क्लार्क आर्डिस टोलेफसन हिला ती 'चालू'च्या रकान्यात हवी होती. माजी ठरलेली इमारत सरकार विकायला काढी. तळमजल्यावरचे पोस्ट ऑफिस राहिले असते, पण वरच्या कोर्टाच्या दालनासाठी एक हॉटेलवाला आधीच येऊन खिडक्या मोजून गेला होता. आर्डिस चौसष्ट वर्षांची होती आणि त्यांतली एकतीस वर्षे तिने त्या दालनाला लागून असलेल्या खोलीत काढली होती.

नियम सरळ होता. सलग तीन वर्षे कोर्ट भरले नाही, की इमारत माजी. ऑस्टबीत शेवटचा खटला चालला त्याला सहा वर्षे झाली होती. सरकारी कुरणात गुरे घुसवल्याचा खटला होता आणि तो दुपारच्या जेवणाआधीच मिटला होता. पण मे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी इथे सत्र उघडायचे, असे कायद्यात होते. न्यायाधीश येऊ शकले नाहीत, तर क्लार्कने ते पुढच्या तारखेपर्यंत तहकूब करावे, असेही होते. आर्डिस ते वर्षातून दोनदा करत आली होती. रोजनाम्यात अशा अकरा नोंदी होत्या. आज बारावी व्हायची होती, आणि तिने यादीवाल्या माणसाला मुद्दाम आजच बोलावले होते.

तो ब्राइस हेक नावाचा इंजिनीअर होता. त्याने दालनाची लांबी-रुंदी घेतली, भिंतीतला ओलावा मोजला, छतावरच्या नक्षीचा एक फोटो काढला आणि कौतुकाचा शब्दही न काढता सगळे लिहून घेतले. आर्डिसला त्याचे काही वाटले नाही. कौतुक करणारे पाहुणे पुढे काहीच करत नाहीत, हा तिचा अनुभव होता.

पुकारा करायला ऑर्व्हिल डीट्झ आला होता. तो निवृत्त पोस्टमन. या दोन दिवसांपुरता तो तपकिरी टाय लावी आणि पुकाऱ्याचे काम फुकट करी.

"साहेब, तुम्ही मागच्या बाकावर बसा," तो ब्राइसला म्हणाला. "पुढची बाकं भरलेली आहेत."

"कोणी भरलीत?"

"माशांनी. नोव्हेंबरात आल्या त्या उठल्याच नाहीत. केसची वाट बघून मेल्या बिचाऱ्या."

ब्राइस मागच्या बाकावर बसला आणि त्याने रोजनामा मांडीवर घेतला. अकराही नोंदी वाचल्या. शब्द सारखेच होते: न्यायाधीश येऊ शकले नाहीत, सत्र तहकूब. मग त्याने विचारले, की न्यायाधीशांना सत्राची सूचना कशी जाते, पत्राने की फोनवर.

सहा वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. फोनवर, एवढे म्हटले असते तरी भागले असते. तो तपासायला जाणारा माणूस दिसत नव्हता.

"मी कळवलंच नाही," आर्डिस म्हणाली.

ऑर्व्हिल स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

तिने सांगितले ते थोडक्यात असे. जुने न्यायाधीश निवृत्त झाले. नव्या आल्या, त्यांना ऑस्टबीचे काही ठाऊक नव्हते. कळवले असते तर काम नाही म्हणून त्यांनी बसल्या जागी सत्र रद्द केले असते. म्हणून तिने कळवले नाही.

"मग 'येऊ शकले नाहीत' हे कसं लिहिलंत?"

"पहिल्या वेळी हात अडखळला. नंतर नाही."

ब्राइसने वही मिटली. हे ठरवणे आपल्या हातात नाही, असे तो म्हणाला. न्यायाधीशांना आत्ता फोन करता येईल का, असेही त्याने विचारले, आणि तो आवाज न चढवता बोलत होता म्हणूनच आर्डिसला नाही म्हणता आले नाही.

न्यायाधीश पेट्रा लिंडगार्ड दीडशे मैलांवरच्या कोर्टात होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ऑस्टबीत किती प्रकरणे पडून आहेत. एकही नाही. आज कोणी आले आहे का. कोणी नाही. सत्राचा कागद लावला होता का. हो, खाली पोस्टाच्या फळ्यावर.

"काम नसताना कोर्ट चालू ठेवायचं एक कारण द्या, मी ठेवते."

आर्डिसने दालनाकडे पाहिले. तिच्याकडे एकच कारण होते आणि ते हुकुमात लिहिण्यासारखे नव्हते.

"नाही जजबाई, कारण नाही."

मग लिंडगार्डबाईंनी सांगितले, की जुन्या नोंदी खोडू नका, त्यांच्याखाली खरे काय झाले ते लिहा आणि सही करा. आजचे सत्र मात्र उघडा. मला कळवलेले आहे, मी येऊ शकत नाही, तेव्हा हे रीतसर होईल.

"आणि तहकूब कधीपर्यंत?" आर्डिसने विचारले.

"तारीख घालू नका. हे शेवटचं सत्र."

तिने फोन ठेवला आणि दोघांना सांगितले. ब्राइसने आपला कागद काढला. 'माजी'च्या रकान्यात 'पासून'पुढे १९१३ होते. 'पर्यंत'पुढे त्याने पेन्सिलीने सहा वर्षांपूर्वीचे साल घातले होते. ते त्याने खोडरबराने काळजीपूर्वक पुसले आणि आजची तारीख पेनाने लिहिली. मग कागद तिच्यापुढे धरला, बरोबर आहे ना बघायला. तिने तो दोनदा वाचला आणि मान हलवली.

ऑर्व्हिल टाय सारखा करत दाराशी उभा राहिला.

"जोरात ओरडू की हळू?"

"नेहमी कसा ओरडतोस?"

"नेहमी पुटपुटतो. ऐकायला असतं कोण?"

"मग आज जोरात."

ऑर्व्हिलने कोर्ट उघडल्याचा पुकारा केला. आर्डिसने आपल्या टेबलामागे उभे राहून न्यायाधीशांचा हुकूम वाचला. तो दोन वाक्यांचा होता. मग ऑर्व्हिलने कोर्ट उठल्याचा पुकारा केला, तोही असा, की खाली पोस्टातली रांग गप्प झाली. पार्सल घेऊन उभ्या असलेल्या एका बाईने वर काय झाले, असे विचारले. खिडकीवरची बाई चिकटपट्टी तोडत म्हणाली, "कोर्ट उठलं," आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

वर आर्डिसने घड्याळ पाहिले, पुन्हा एकदा पाहिले, आणि रोजनाम्यात वेळ लिहिली: अकरा वाजून वीस मिनिटे. मग मागची पाने उलटून ती पहिल्या नोंदीपाशी आली आणि तिच्याखाली लिहायला बसली.