कोल्ह्याचं सलून, नंबर दोन

“पाव्हणे यायच्या आत ती पाटी पुसून टाका,” गिरणीच्या दारात उभी राहून संगीता नवऱ्याला म्हणाली. “जावयांनी बघितली तर म्हणतील, सासऱ्याला वय हाय का न्हाई.”

बिभीषण स्टुलावर चढून त्याच पाटीवर फडकं मारत होता. “पुसतोय की,” तो म्हणाला, आणि अक्षरांना धक्का न लावता वरचं पीठ तेवढं झटकत राहिला.

दिंद्रुडच्या त्या गिरणीत, दळणाच्या दरांशेजारच्या हिरव्या पत्र्यावर, खडूनं काही नावं लिहिलेली होती. एक नंबरला कोल्ह्याचं सलून. दोनला छत्र्या विकणारी बहीण. तीनला स्टेशनवरचं भूत. खाली आणखी चार-पाच. एका नव्या गिऱ्हाइकानं तर छत्र्या विकणारी बहीण राहते कुठं म्हणून चौकशी केली होती. या सगळ्या जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका होत्या. त्यांची खरी नावं काही बापलेकीच्या जिभेवर बसेनात, म्हणून दोघांनी आपापसात बारसं उरकून घेतलं होतं.

हे सुरू झालं ते शाळा बंद पडल्या त्या साली. लेक सायली तेव्हा दहावीत. सगळं गाव दारं लावून बसलेलं, पण माणसाला भाकरी लागतेच, म्हणून गिरणी चालू. घरात फोन एकच, तो बिभीषणचा, त्यामुळे सायलीही गिरणीतच. पोत्यावर बसून ती एका कोल्ह्याची मालिका बघायची. कोल्हा सलून चालवतो आणि दाढी करता करता गिऱ्हाइकाचं दुःख काढून घेतो. धान्य ओतता ओतता बिभीषण डोकवायला लागला. चक्कीच्या घरघरीत ऐकू काहीच यायचं नाही. मग खाली येणारी इंग्रजी वाक्यं वाचून सायली मराठीत त्याच्या कानाशी ओरडायची, “अण्णा, कोल्हा म्हणतोय, मिशी ठिवू का काढू!”

पुढं ती कॉलेजला गेली, बिभीषण अडखळत का होईना ती वाक्यं वाचायला शिकला, पण आवाजाची सवय लागली नाही ती नाहीच. फोन मापाला टेकवून ठेवायचा आणि चक्की चालू असताना बघायचं. आवाज तो आपल्या मनानं घाली. सगळ्या मालिकांतले सगळे दुष्ट लोक त्याच्या डोक्यात शेजारच्या पंक्चरवाल्या सुग्रीवच्या आवाजात बोलत. सुग्रीवला बिचाऱ्याला याचा पत्ता नव्हता. आणि कोल्हा अर्थातच दहावीतल्या सायलीच्या आवाजात.

वर्षात गिरणी शांत असायची ती एका दिवाळीच्या पाडव्याला. आधीचे आठ दिवस चकलीच्या भाजणीनं मान वर काढू दिलेली नसायची. पाडव्याला मात्र दगडाला हळदकुंकू वाहून झालं की बापलेक बसत आणि राखून ठेवलेल्या एका मालिकेचा शेवटचा भाग आवाजासकट बघत. मग यादी बदलायची. तिचे नियम होते. शेवट दोघांनी पहिल्यांदा बरोबरच बघितला असेल तरच मालिकेला यादीत जागा. नंबर बदलायचा तो पाडव्यालाच. आणि जो रडेल त्याचं मत अर्धं धरायचं. हा शेवटचा नियम सायलीचा, कारण रडायचा नेहमी बिभीषण.

वैशाखात सायलीचं लग्न झालं. पंचमीला माहेरी आली तेव्हा दोघांनी ‘दीपगृहाचा म्हातारा’ शेवटच्या भागापर्यंत आणून ठेवला होता. आता पहिली दिवाळी. आष्टीहून ती यायची, सोबत नवरा शिवशंकर, त्याचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. येणार हे नक्की होतं. बिभीषणला काळजी होती ती वेगळीच. येईल, पण बसेल का? फोनवर विचारायचं त्यानं टाळलं होतं. विचारल्यावर पोर हो म्हणणारच, आणि तसलं हो त्याला नको होतं.

पाडव्याच्या दुपारी पुरणावर तूप, जावयाला अंगठी, सगळं रीतसर झालं. संगीता जरा आडवी झाली. शिवशंकर ओट्यावर पेंगत होता. बिभीषण उगीच गिरणीत येऊन बसला, तर पाठोपाठ सायली. नवी साडी सावरत ती पूर्वीच्याच पोत्यावर बसली आणि तिनं फोन मापाला टेकवला. “लावा, अण्णा.”

म्हातारा बोलू लागला तसा बिभीषण दचकला. “अगं, ह्याचा आवाज तर पोरावानी हाय. मी ह्याला किती घोगरा केलता.”

सायली हसली. म्हातारा दिवा पुसत होता, बुडालेल्या जहाजातल्या माणसांची नावं घेत होता. मग तो जिना चढून वर गेला. सायलीनं हात पुढं करून आवाज कमी केला, आणि पाठोपाठ दीपगृहाची घंटा दणाणली. पलीकडच्या खोलीत आई झोपली होती.

बिभीषणचा जन्म कानावर गेलेला. चक्कीचा दगड बोथट झाला हे त्याला आवाजावरून कळे. घंटेच्या आधी हात गेला, हे त्याच्या कानानं धरलं. मग बाकीचंही ध्यानात आलं. एरवी पोर दर दोन मिनिटांनी, आता काय हुईल, आता काय हुईल करून जीव खाई. आज एकदाही विचारलं नव्हतं. तिनं शेवट आधीच बघितला होता. आष्टीत, नवऱ्याशेजारी बसून. आणि आता बापाशेजारी बसून न बघितल्यासारखं करत होती.

भाग संपला. नियमानं म्हाताऱ्याला यादीत जागा नव्हती. बिभीषण स्टुलावर चढला, ओल्या फडक्यानं त्यानं सगळ्यात वरची ओळ पुसली आणि तिथं दीपगृहाचा म्हातारा लिहिलं.

“अण्णा, कोल्ह्याला कावून काढलं?” सायली उभी राहिली. “त्यो तर पयल्यापून एक नंबर हाय.”

“काढलं कुठं. दोनवर आणतोय.” त्यानं खडू फुंकला. “दोन डाव बघू वाटलं तुला. म्हंजी एक नंबरच की.”

सायली पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि मग तेच टोक डोळ्याला गेलं.

“तुजं मत अर्धं,” बिभीषण पाटीकडेच बघत म्हणाला.

भाऊबीज झाल्यावर ती दोघं निघाली. पाया पडून उठल्यावर शिवशंकर घुटमळला. तोंड खाली घालून म्हणाला, की दीपगृह त्यानंच आधी लावलं होतं, सायली नको म्हणत होती. आणि पुढच्या वर्षी त्याचंही मत धरता येईल का?

बिभीषणनं विचार केला. “पाव,” तो म्हणाला. “बघू पुढं.”

जीप वळणाआड गेली. गिरणीपुढं डबे लागले होते. त्यानं पट्टा चढवला, बटण दाबलं, ज्वारी ओतली. दीपगृहाचं ताजं अक्षर बघता बघता पिठानं धूसर झालं. त्यानं फोन मापाला टेकवला आणि नवं काही न शोधता कोल्ह्याचा पहिला भाग लावला. कोल्ह्यानं वस्तरा उघडला, गिऱ्हाइकाच्या गळ्याला टॉवेल बांधला आणि तोंड हलवलं. चक्की भरात होती. खालचं वाक्य बिभीषणनं वाचलं नाही. त्यानं मान जरा तिरकी केली, पोत्याच्या बाजूला, जिकडून ती ओरडायची.